टी पेशी मेलानोमाला ओळखतात, तर मग तो वाढतोच कसा?

घाटमाथा (सातारा)
नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या मामींच्या टाचेवर काळा डाग होता. सगळे कुरूप म्हणत होते, पट्ट्या लावून झाल्या, मग त्यातनं रक्त यायला लागलं तेव्हा बायोप्सी केली आणि मेलानोमा (कातडीतल्या रंगपेशींचा कॅन्सर) निघाला. ऑपरेशन झालंय, जांघेतल्या एका गाठीतही कॅन्सरच्या पेशी सापडल्या, त्यामुळं आता डॉक्टर इम्युनोथेरपी घ्या म्हणताहेत. डॉक्टर चांगलं समजावतात, पण मागं रांग लागलेली असते, आपण हो हो म्हणून बाहेर येतो आणि जिन्यात आल्यावर प्रश्न सुचतात.

तर प्रश्न असा. डॉक्टर म्हणाले हे औषध कॅन्सरला मारत नाही, तुमच्याच रक्तातल्या टी पेशी (पांढऱ्या पेशींची एक जात) मारणार. मग या टी पेशी इतके दिवस काय करत होत्या? त्यांना कॅन्सर ओळखूच येत नव्हता, का ओळखून गप्प बसल्या होत्या? आणि आता मोकळं सोडल्यावर चांगल्या कातडीवर तुटून पडणार नाहीत हे कशावरून? घरात सगळे मलाच विचारतात, म्हणून जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

टवाळ_पोरगं
टी पेशी वाचून मी चहाचा धागा समजून आलो होतो लका. मामींना लवकर आराम पडू दे. वाचतोय.

सूक्ष्मदर्शी (मिरज)
घाटमाथा, "ओळखून गप्प" हे उत्तर जास्त जवळचं आहे. पण आधी ओळखतात कशा ते बघू, मी पॅथॉलॉजीतला माणूस, तिथूनच सुरू करतो.

आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनलेली प्रोटीन सतत तोडत असते. त्यातले छोटे तुकडे, साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे, एचएलए नावाच्या प्रोटीनच्या खोबणीत बसवून पेशी आपल्या बाहेरच्या अंगावर मांडते. निरोगी असो, विषाणू शिरलेली असो नाहीतर कॅन्सरची असो, मांडणी चालूच. सीडी८ जातीच्या, म्हणजे मारणाऱ्या, टी पेशी एका पेशीवरून दुसरीवर सरकत हे तुकडे तपासत फिरतात. प्रत्येक टी पेशीवर एकाच घडणीचा रिसेप्टर (ओळख पटवणारं प्रोटीन) असतो आणि तो तुकडा आणि एचएलए दोन्ही एकत्र बघतो. नुसता तुकडा ओळखून भागत नाही, तो आपल्याच जातीच्या एचएलएवर बसलेला लागतो, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ साली उंदरांवर दाखवलं, १९९६ ला त्यांना नोबेल मिळालं.

आता मेलानोमाच्या पेशीवर वेगळं काय दिसतं? एक तर उन्हातल्या अतिनील किरणांनी जनुकं बिघडली की प्रोटीन बदलतात आणि शरीरानं कधीच न पाहिलेले तुकडे बाहेर येतात. दुसरं म्हणजे काही जनुकं मोठ्या माणसाच्या कातडीत बंद असायला पाहिजेत ती कॅन्सरमध्ये उघडतात. असलं पहिलं जनुक ब्रसेल्समध्ये थिएरी बून यांच्या गटानं १९९१ ला शोधलं, मेज-१, आणि ते सापडलं मेलानोमाच्याच एका पेशंटच्या टी पेशींमुळं. म्हणजे त्या बाईंच्या रक्तात कॅन्सर ओळखणाऱ्या टी पेशी होत्याच, त्या नक्की काय ओळखतात याचा माग काढत काढत हे लोक जनुकापर्यंत पोचले. मला स्वतःला हे संशोधन फार मोठं वाटतं, कारण तोपर्यंत बऱ्याच लोकांना माणसाचं शरीर कॅन्सरला ओळखतं हेच पटत नव्हतं.

आणि तिसरे तुकडे रंग बनवणाऱ्या प्रोटीनचे, टायरोसिनेज, मेलान-ए वगैरे. ते निरोगी रंगपेशींवर पण असतात. तुमचा शेवटचा प्रश्न तिथंच येतो, त्यावर नंतर लिहितो, स्लाइड वाट बघताहेत.

हळदवाला (सांगली)
म्हणजे आमच्या सौद्यासारखंच की हे सर. पोतं उसवून सगळी हळद कोण बघत बसतंय, पोत्यातला मूठभर माल समोर येतो, त्यावरनं आत काय भरलंय ते ओळखायचं. पेशी नमुना बाहेर ठेवती आणि टी पेशी बघून ठरवती माल चांगला का किडका.

सूक्ष्मदर्शी (मिरज)
हळदवाले, नेमकं पकडलंत. फक्त एक फरक. तुमचा व्यापारी सगळ्या प्रकारच्या मालाचा जाणकार असतो, टी पेशीला मोजकेच तुकडे ओळखता येतात. म्हणून शरीर वेगवेगळ्या रिसेप्टरच्या कोट्यवधी टी पेशी बाळगून असतं, आणि योग्य टी पेशीची योग्य तुकड्याशी गाठ पडायला वेळ लागतो. ही भेट बहुतेक वेळा कॅन्सरजवळ होत नाही, लसिका ग्रंथीत (जांघेत, काखेत असतात त्या) होते. डेंड्रायटिक नावाच्या पेशी कॅन्सरच्या गाठीतला मालमसाला गोळा करून ग्रंथीत नेतात आणि तिथल्या टी पेशींना दाखवतात. या डेंड्रायटिक पेशींवरच्या कामाबद्दल राल्फ स्टाइनमन यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं, पण ते त्याच्या तीन दिवस आधीच वारले होते, समितीला माहीत नव्हतं. नोबेल कायम ठेवलं.

माणदेशी
माहिती भारी आहे पण मला एक कळत नाही, मेलानोमा हा गोऱ्या लोकांचा रोग ना? आमच्या माण-खटावात माणसं जन्मभर उन्हात राबतात, मी तरी असला कॅन्सर बघितला नाही. मामींच्या टाचेला कुठलं ऊन लागलं? मला वाटतं रिपोर्ट दुसरीकडं पण दाखवून घ्यावा.

सूक्ष्मदर्शी (मिरज)
स्लाइड आणि ब्लॉक घेऊन दुसरं मत घ्यायला काहीच हरकत नाही, मागितले तर लॅब देते. पण टाच ऐकून मला शंका आली नाही. आपल्या रंगाच्या माणसांत मेलानोमा कमी होतो हे खरं, पण जो होतो त्यातला बराचसा तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो. त्याला अ‍ॅक्रल मेलानोमा म्हणतात आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. बॉब मार्ले हा जमैकाचा गायक, त्याला पायाच्या बोटाच्या नखाखाली झाला होता, १९८१ साली ३६ व्या वर्षी गेला.

आणि इथं टी पेशींच्या दृष्टीनं मोठा फरक पडतो. उन्हातल्या मेलानोमात जनुकांचे बिघाड ढीगभर असतात, त्यामुळं परके तुकडे जास्त आणि टी पेशींना ओळखायला सोपं. टाचेवरच्यात बिघाडांचा प्रकार वेगळा, असे तुकडे कमी. म्हणून परदेशातले मेलानोमाचे आकडे मामींना जसेच्या तसे लावू नका. त्यांच्या डॉक्टरांना हा प्रश्न आवर्जून विचारा, की या जातीत औषधाचा किती उपयोग होतो.

माणदेशी
बरं. पण मग आपल्याकडं कातडीचे दुसरे कॅन्सर होतात का नाही? का सगळे तळपायालाच?

अक्का_वाळवेकर
होतात की भाऊ. आमच्या भावकीतल्या एका आजींना कमरेवर झालेला. परकराची नाडी जन्मभर एकाच जागी घट्ट बांधायच्या, तिथं कातडी काळी पडलेली, मग खाज, मग जखम, ती काही भरायची नाही. लुगडं नेसणाऱ्या बायकांच्या कमरेला असा चट्टा असतोच म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं. ऑपरेशननंतर त्या पुष्कळ वर्षं जगल्या. बायकांनो नाडी सैल बांधा, जागा बदलत जा, नाहीतर रुंद पट्टा लावून घ्या, आणि न भरणारी जखम नवऱ्याला सुद्धा दाखवायला लाजू नका.

सूक्ष्मदर्शी (मिरज)
अक्का, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तो स्क्वॅमस सेल कॅन्सर, रंगपेशींचा नाही, कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा. अशा केसेस महाराष्ट्रातनंच वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या आहेत. जुन्या भाजल्याच्या व्रणात पण तोच होतो. चुलीवर, उसाच्या रसाच्या काहिलीवर भाजलेल्या जागेत वीस-तीस वर्षांनी जखम उघडली तर मलम लावत बसू नये.

आरोग्यधन
या सगळ्या महागड्या औषधांच्या मागे लागण्यापेक्षा सांगलीची अस्सल हळद रोज दुधातनं घ्या. प्रतिकारशक्ती वाढली की कॅन्सर आपोआप जातो. आणि सुरी लावली की पसरतो, म्हणून बायोप्सी करायलाच नको होती.

हळदवाला (सांगली)
मी तीन पिढ्या हळदीच्या धंद्यात आहे. हळद खपली तर फायदा माझाच, तरी सांगतो, कॅन्सरवर हळद म्हणून कुणाला सांगू नका. माझ्या सख्ख्या चुलत्यांनी गालाच्या कॅन्सरला असल्या सल्ल्यापायी कित्येक महिने घालवले. तंबाखू सोडली नाही आणि हळद वाढवली.

कृष्णाकाठची (स्टाफ नर्स, डे केअर)
आरोग्यधन, बायोप्सीनं मेलानोमा पसरतो हा गैरसमज आहे. बायोप्सीशिवाय डागाची जाडी कळत नाही आणि पुढची बरीचशी ट्रीटमेंट त्या जाडीवर ठरते, मिलिमीटरमध्ये मोजतात.

घाटमाथा, जेवणातली हळद खुशाल चालू द्या, पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या, काढे, पावडरी इम्युनोथेरपी चालू असताना डॉक्टरांना न सांगता देऊ नका. हळदीच्या गोळ्यांनी लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, आणि इम्युनोथेरपीनं पण लिव्हरला सूज येऊ शकते. मग कुणामुळं आली ते कळायला मार्ग राहत नाही आणि पेशंटचे डोस थांबतात.

बायोटेकवाला (मूळ कराड, सध्या मुंबई)
"प्रतिकारशक्ती वाढवा" हे वाक्य ऐकून माझं डोकं उठतं. मुद्दा वाढवण्याचा नाहीच, मूळ प्रश्नाकडं येतो.

टी पेशी मेलानोमाच्या पेशीला चिकटली की मध्ये एक घट्ट जोड तयार होतो. त्या जोडात ती परफोरिन नावाचं प्रोटीन सोडते, त्यानं समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पडतात, मग ग्रँझाइम नावाची दुसरी प्रोटीन आत शिरतात आणि पेशीचा स्वतःला संपवण्याचा कार्यक्रम चालू होतो. टी पेशी तिथनं सुटून पुढच्या पेशीकडं जाते. एक पेशी एकापाठोपाठ कितीतरी मारू शकते, सूक्ष्मदर्शकाखाली याचे व्हिडिओ बघितले की विश्वास बसत नाही. शेजारच्या चांगल्या पेशीला सहसा धक्का लागत नाही कारण मारा फक्त जोडापुरता असतो.

पण टी पेशी लढताना इंटरफेरॉन गॅमा नावाचा रासायनिक निरोप पण सोडते. त्याला उत्तर म्हणून कॅन्सरची पेशी अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रोटीन चढवते. टी पेशीवर पीडी-१ हा रिसेप्टर असतो. हे दोन जुळले की टी पेशी ढिली पडते. हे शरीरानं कॅन्सरसाठी बनवलेलं नाही, सर्दी-तापानंतर लढाई वेळेत थांबावी आणि आपलंच फुप्फुस, आपलंच लिव्हर जळू नये म्हणून आहे. कॅन्सर ती सोय वापरतो. महिनोन्महिने असं चाललं की टी पेशी थकून जातात, गाठीत असतात, पण मारत नाहीत. तुमच्या "गप्प"चं कारण हे.

पीडी-१ चं जनुक तासुकू होंजो यांच्या क्योतोच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडलं. जेम्स अ‍ॅलिसन यांनी टी पेशीला आवरणारा सीटीएलए-४ नावाचा दुसरा रिसेप्टर अँटिबॉडीनं झाकला आणि उंदरांतल्या गाठी विरल्या, तो पेपर १९९६ चा. त्यावरनं बनलेलं इपिलिमुमॅब २०११ ला अमेरिकेत मेलानोमासाठीच मंजूर झालं, पीडी-१ वरची दोन औषधं २०१४ ला. दोघांना २०१८ चं नोबेल. औषध फक्त तो रिसेप्टर झाकतं, पुढचं सगळं काम टी पेशींचं. तुमचे डॉक्टर अगदी बरोबर बोलले.

टवाळ_पोरगं
हे कळलं. पण मग सगळ्यांनाच का लागू पडत नाही? माझ्या मित्राच्या वडलांना (फुप्फुसाचा होता) काहीच उपयोग झाला नाही, घर गहाण पडलं.

बायोटेकवाला (मूळ कराड, सध्या मुंबई)
वाईट वाटलं ऐकून. कारणं बरीच आहेत. गाठीत आधीपासून टी पेशी शिरलेल्याच नसतील तर झाकायचं काय? कधी कॅन्सरच्या पेशी एचएलए अंगावर मांडायचंच बंद करतात, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचा भाग गमावतात, मग टी पेशीला काही दिसतच नाही. काहींमध्ये इंटरफेरॉनचा निरोप आत नेणारी जॅक जनुकं बिघडतात. शिवाय आवर घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी गाठीत गर्दी करतात, ज्यांच्या शोधाबद्दल २०२५ चं नोबेल साकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल यांना मिळालं.

तरी आशा धरण्यासारखं पण आहे. पसरलेल्या मेलानोमात पूर्वी निम्मे पेशंट वर्षभर सुद्धा काढत नव्हते. इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब (पीडी-१ वरचं औषध) दोन्ही एकत्र दिलेल्या मोठ्या चाचणीचे दहा वर्षांचे निकाल २०२४ ला आले, त्यात ४३ टक्के पेशंट दहा वर्षांनंतर हयात होते. पण सर वर म्हणाले ते लक्षात ठेवा, त्या चाचणीत टाचेवरच्या जातीचे लोक थोडेच होते.

फलटणची_लेक
मला लहानपणापासून कोड आहे. सूक्ष्मदर्शी सरांनी रंगपेशींच्या प्रोटीनबद्दल लिहिलं ते वाचून विचारते, माझ्या कोडाचा आणि याचा संबंध आहे का? मी जन्मभर सांगत आले की हे संसर्गजन्य नाही, तरी लग्नकार्यात माझ्या हातचं पाणी नको म्हणणारे भेटतात.

सूक्ष्मदर्शी (मिरज)
ताई, सरळ संबंध आहे. कोडात तुमच्याच सीडी८ टी पेशी मेलान-ए, टायरोसिनेज असले तुकडे ओळखून रंगपेशी मारतात. लागण व्हायचा प्रश्नच नाही. रंगपेशींवर जोरात जाणाऱ्या बहुतेक टी पेशी थायमसमध्येच (छातीतली ग्रंथी, टी पेशी तिथं तयार होतात) बाद होतात, पण थोड्या सुटतात, त्या प्रत्येकात असतात. कोड असलेल्यांत मेलानोमा कमी आढळतो असं अभ्यासांत दिसलंय, जे वाचून तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी लिहीत नाही, खरंच तसं आहे.

घाटमाथा, हेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. टी पेशी मोकळ्या सुटल्यावर काही पेशंटच्या चेहऱ्यावर, हातांवर पांढरे डाग उठतात. चांगल्या रंगपेशींवर पण हल्ला झालेला असतो. मेलानोमाच्या पेशंटमध्ये ते डाग उठणं हे औषध लागू पडत असल्याचं लक्षण म्हणून बघितलं जातं. मामींना आले तर घाबरू नका, आणि गावात कुणी काही बोललं तर हा धागा दाखवा.

फलटणची_लेक
सर, माझ्या आईला वाचून दाखवलं. तिला खूप बरं वाटलं.

कृष्णाकाठची (स्टाफ नर्स, डे केअर)
डाग दिसतात म्हणून कळतात, आतलं लक्ष ठेवून ओळखावं लागतं. आमच्याकडं सलाईन संपलं की मी प्रत्येक घरच्या माणसाला बाजूला घेऊन सांगते. दिवसातनं नेहमीपेक्षा तीन-चार वेळा जास्त संडास झाली, दम लागला, कोरडा खोकला आला, लघवी गडद झाली, खूप थकवा आणि थंडी वाजतीय असं वाटलं (थायरॉइड), तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन करा. गावातल्या डॉक्टरकडनं जुलाबाची गोळी घेऊन घरी बसायचं नाही. टी पेशी आतड्यावर गेलेल्या असतात, तिथं स्टेरॉइड लागतं आणि वेळेत मिळालं तर बहुतेक जण सावरतात. हा त्रास औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनी पण होऊ शकतो. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी "इम्युनोथेरपी चालू आहे" हे आधी सांगायचं. केमो म्हणू नका, दोन्हीचे त्रास वेगळे आणि उपाय वेगळे.

माणदेशी
खर्चाचं कुणी बोलत नाही. इतकं सगळं शास्त्र, पण एकेका डोसला इतके पैसे मोजायचे तर दुष्काळी भागातल्या माणसानं काय करायचं? दोन एकर विकून एक वर्ष मिळणार असेल तर ते घ्यावं का, हे कोण सांगणार?

बायोटेकवाला (मूळ कराड, सध्या मुंबई)
माणदेशी, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात पण विचारला जातो आणि विचारलाच पाहिजे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी पसरलेल्या तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी, इतर साध्या गोळ्यांबरोबर देऊन बघितला. नेहमीचा डोस २४० असतो. वर्षानंतर हयात असणारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हे मेलानोमाचे आकडे नाहीत, पण कमी डोस पुरतो का हे तपासायला पाहिजे ही दिशा आपल्या मुंबईतनं मिळाली याचा मला अभिमान आहे. सीएआर-टीचं (पेशंटच्या टी पेशींना प्रयोगशाळेत नवा रिसेप्टर बसवून परत देतात त्याचं) पण तसंच, आयआयटी मुंबई आणि टाटानं बनवलेली २०२३ ला मंजूर झाली, परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त, पण ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी. मेलानोमात गाठीतल्याच टी पेशी काढून, वाढवून परत देतात, स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८८ ला दाखवलेलं. अमेरिकेत त्याला २०२४ ला मंजुरी मिळाली.

कृष्णाकाठची (स्टाफ नर्स, डे केअर)
घाटमाथा, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आणि समाजसेवा विभागाला भेटा, योजनेत काय बसतं, कंपनीची मदत काय मिळते, ट्रस्ट कुठले आहेत ते त्यांना ठाऊक असतं. पहिला डोस द्यायच्या आधी भेटा. मध्येच पैसे संपले की फार हाल होतात, मी बघते रोज. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, औषध घेतलं तर परत उलटायची शक्यता कितीनं कमी होईल आणि नाही घेतलं तर काय करायचं. असं विचारलं तर डॉक्टर रागावत नाहीत.

घाटमाथा (सातारा)
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं कागदावर उतरवून मामा-मामींना वाचून दाखवलं. मामींनी ऐकून एकच विचारलं, "माझ्या टी पेशी आत गेल्यात का नाही ते बघता येतं का?"

सूक्ष्मदर्शी (मिरज)
मामींनी नेमका प्रश्न विचारला. येतं. काढलेल्या गाठीच्या स्लाइडवर लिम्फोसाइट (टी पेशी यातल्याच) आत शिरलेत का नुसते कडेला थांबलेत ते आम्ही बघतो, बऱ्याच वेळा रिपोर्टमध्ये एक ओळ असते. शिरलेले असणं सहसा चांगलं लक्षण. रिपोर्टमध्ये नसेल तर पॅथॉलॉजिस्टना विचारा. बरोबर बीआरएएफ नावाच्या जनुकाची तपासणी झाली का तेही बघा, त्यात बिघाड असेल तर गोळ्यांचा वेगळा मार्ग उघडतो. टाचेवरच्या जातीत तो कमी सापडतो, तरी तपासावा.

टवाळ_पोरगं
सर एक विचारू का, चेष्टा नाही. आमच्या आज्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ आहे. ते म्हणतात औताचा मार लागलाय. बरीच वर्षं आहे, हल्ली रुंद वाटतीय. फोटो टाकू का?

सूक्ष्मदर्शी (मिरज)
फोटो नको, फोटोवरनं सांगता येत नाही. आपल्या रंगाच्या माणसांत बऱ्याच नखांत बारीक रेघा असतात, त्या साध्या. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढं सरकतं आणि काही महिन्यांत निघून जातं. एकाच नखात असलेली, रुंद होत चाललेली, किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर काळेपणा उतरलेली रेघ वेगळी. आजोबांना या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांकडं घेऊन जा, चप्पल-मोजे काढून दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पण बघायला सांग.

टवाळ_पोरगं
गुरुवारी नेतो.